गायकाविना साठ वर्षं

व्हेंचर्स या अमेरिकन गिटार बँडचं नाव निघालं की बोलणं हटकून लीड गिटारवर, म्हणजे धून वाजवणाऱ्या गिटारीवर येतं. नोकी एडवर्ड्सची बोटं, बॉब बोगलचा स्वर थरथरवणारा ट्रेमोलो दांडा, मॉसराइट गिटारीचा धारदार आवाज. ते कौतुक रास्तच आहे. पण १९५८ पासून २०१५ पर्यंत या बँडबरोबर रंगमंचावर उभा राहिलेला माणूस लीड वाजवत नव्हता. तो डॉन विल्सन, ऱ्हिदम गिटारवाला, म्हणजे धूनखाली ताल आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरणारा. लीड गिटारवाले बदलले, ड्रमर बदलले, एकदा तर लीड आणि बास वाजवणाऱ्यांनी आपसात वाद्यं बदलली. विल्सनचा उजवा हात मात्र जागेवर होता. गाणारा नसलेला बँड साठ वर्षं कसा चालला, याचं उत्तर मला त्या हातात दिसतं. ऱ्हिदम गिटारला आपल्याकडे आणि बाहेरही नेहमीच दुय्यम मानलं गेलं, म्हणून हे जरा सविस्तर.

गोष्ट वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहराची. विल्सन तिथलाच, बोगल मूळचा ओक्लाहोमाचा. विल्सनच्या वडिलांचा जुन्या गाड्यांचा व्यवसाय होता. १९५८ मध्ये बोगल तिथे गाडी बघायला आला आणि दोघांची ओळख झाली. पुढे दोघं बांधकामावर गवंडीकाम करू लागले आणि गहाणवटीच्या दुकानातून दोन स्वस्त, वापरलेल्या गिटारी घेऊन संध्याकाळी वाजवू लागले. सुरुवातीला ना ड्रमर होता ना बासवाला. दोन गिटारींवर छोट्या जागी नाचाचा कार्यक्रम करायचा तर एका गिटारीला ताल, स्वरसाथ आणि थोडाफार खर्ज हे सगळं एकटीने सांभाळावं लागतं. विल्सनच्या वादनातला तो ठोकून वाजवण्याचा गुण इथून आलेला आहे. नंतर ड्रम आले, बास आला, तरी त्याने हात हलका केला नाही. चौघांच्या ध्वनीत जो एक दाटपणा ऐकू येतो तो याच कारणाने.

‘वॉक, डोन्ट रन’ ही त्यांची ओळख ठरलेली धून मुळात त्यांची नव्हे. ती जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवादकाची, १९५४ ची. १९५७ च्या एका एलपीवर चेट अ‍ॅटकिन्सने ती आपल्या पद्धतीने वाजवली, म्हणजे अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि बाकी बोटांनी स्वर, एकाच गिटारीवर दोन माणसांचं काम. बोगल आणि विल्सन यांना हे जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्या धूनची वाटणी केली. स्वरावली एका गिटारीला, कॉर्ड दुसऱ्या गिटारीला, खर्ज बासला. स्मिथच्या मूळ रचनेतल्या नाजूक जॅझ कॉर्ड गाळल्या आणि उतरता क्रम ठेवला: ए मायनर, जी, एफ, ई.

हा क्रम आपल्या कानाला परका वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. पेटीवर पांढरी तीन हा षड्ज धरा. त्या चार कॉर्डांचे मूळ स्वर म, ग, रे, सा असे उतरतात, त्यात गंधार आणि ऋषभ कोमल. मैफल संपवणाऱ्या भैरवीची उतरण ती हीच. शेवटच्या ई मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार येतो आणि क्षणभर उजेड पडल्यासारखं होतं. लगेच पुन्हा ए मायनर. स्पॅनिश गिटारवादनात हा क्रम फार जुना आहे. इथे तो चपखल बसण्याचं कारण असं, की कॉर्ड एकेक पायरी खाली उतरत असल्याने ऐकणाऱ्याला पुढचं पाऊल आधीच कळतं. शब्द नसलेल्या संगीतात हा अंदाज फार मोलाचा असतो. ऐकणारा हरवत नाही.

कोणी रेकॉर्ड काढेना, तेव्हा विल्सनच्या आईने, जोसी विल्सनने, ब्लू होरायझन नावाचं लेबलच काढलं. १९६० च्या वसंतात सिअ‍ॅटलमध्ये ध्वनिमुद्रण झालं. केजेआर रेडिओ स्टेशन बातम्यांच्या आधी ही धून लावू लागलं आणि श्रोते विचारू लागले, हे काय वाजतंय? आधी नकार दिलेल्या डॉल्टन कंपनीने मग तीच रेकॉर्ड देशभर वितरणासाठी घेतली. उन्हाळ्यात ती बिलबोर्ड या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होती. त्या मुद्रणात ड्रम वाजवणारा स्किप मूर याला हिस्सा की २५ डॉलर रोख असं विचारलं गेलं होतं. त्याने रोख रक्कम घेतली. त्याला आज दोष देण्यात अर्थ नाही. गावातल्या चार पोरांची, घरच्या लेबलवर निघालेली, गाण्याविना रेकॉर्ड, तिच्यावर कोणी पैज लावली असती?

आता व्हेंचर्सच्या नावाला नेहमी चिकटवला जाणारा सर्फ हा शब्द. तो आला फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरून. टकोमा प्युजेट साउंडच्या काठी आहे. थंड, शांत पाणी, फळीवर उभं राहून लाट पकडायची तर तिथे लाटच नाही. सर्फ संगीत जन्मलं ते दूर दक्षिणेला, लॉस एंजेलिसच्या खाली ऑरेंज काउंटीत. बल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये १९६१ मध्ये डिक डेल वाजवत होता. त्याच्या गिटारीची सर्वांत जाड तार ०.०६० इंचांची असे. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने त्याच्यासाठी शोमॅन अ‍ॅम्प्लिफायर आणि १५ इंची जेबीएल स्पीकरची जोडी घडवली, कारण साधे स्पीकर त्याच्या हाताखाली फाटत होते. पुढच्या तीन वर्षांत त्या किनाऱ्यावर शाळकरी मुलांचे बँड उगवले. सांता आनाच्या शँटेजची ‘पाइपलाइन’ १९६३ ची. आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत उतरले, तशी ही लाट ओसरली. म्हणजे सर्फ संगीताचं पहिलं आयुष्य जेमतेम तीन-चार वर्षांचं.

व्हेंचर्स त्याच्या आधीपासून होते आणि त्याच्या नंतरही राहिले. सर्फ वाजवणाऱ्या बहुतेक पोरांनी ‘वॉक, डोन्ट रन’ वाजवत गिटार शिकलेली होती. व्हेंचर्सनी १९६३ मध्ये ‘सर्फिंग’ नावाचा अल्बम काढला, त्यात ‘पाइपलाइन’ घेतली, आणि १९६४ मध्ये आपलीच पहिली धून नव्या सर्फ बाजात पुन्हा वाजवली. तीही पहिल्या दहात गेली, आठव्या क्रमांकापर्यंत. एकच धून, तोच बँड, चार वर्षांच्या अंतराने दोनदा पहिल्या दहात. हे दोन ध्वनिमुद्रण लागोपाठ ऐकले की १९६० ते १९६४ या काळात गिटारीच्या ध्वनीला काय झालं ते कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं. पहिल्यात आवाज कोरडा, जवळचा, बोगल फेंडर जॅझमास्टरचा दांडा धरून स्वर किंचित हलवतोय. दुसऱ्यात गिटार ओली आहे, स्वरामागे स्प्रिंगांचा थरथराट आहे.

तो थरथराट येतो स्प्रिंग रिव्हर्बमधून, म्हणजे स्प्रिंगांनी आवाजाला घुमारा देणाऱ्या सोयीतून, आणि त्याबद्दल गैरसमज फार आहेत. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटी बाजारात आणली. आत धातूच्या लांबट डब्यात दोन स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारीचा संकेत एका टोकाने स्प्रिंगांना हलवतो, दुसऱ्या टोकाची कॉइल ती हालचाल पुन्हा विजेत बदलते. पेटीवर तीन बटणं: ड्वेल, मिक्स, टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगांना किती जोराने हलवायचं, मिक्स म्हणजे मूळ आवाजात ते किती मिसळायचं. नवशिके मिक्स वाढवतात आणि धून धुक्यात जाते. खरं काम ड्वेलचं आहे. मिक्स निम्म्याच्या आसपास ठेवा, ड्वेल निम्म्याच्या थोडं वर, टोन चढा. मग तार तळव्याने दाबून तोडक्या आघाताने छेडा. पाण्यात खडा पडावा तसा ‘टुळ्‌क’ असा आवाज आला पाहिजे. वाजवणारे त्याला ड्रिप म्हणतात. तो येत नसेल तर आघात मऊ पडतोय, किंवा तार छेडायचा तुकडा, म्हणजे प्लेक्ट्रम, फार पातळ आहे.

ही पेटी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये बसते. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजाचा हवा. तो फाटू लागला की रिव्हर्बसकट फाटतो आणि सगळ्याचा चिखल होतो. डिक डेलला मोठा, जास्त ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागला तो यासाठीच: मोठ्या आवाजातही स्वच्छ राहणारा. स्प्रिंगांचा डबा ट्रान्सफॉर्मरजवळ आला तर गुणगुण सुरू होते, कारण डब्यातली कॉइल चुंबकीय क्षेत्र उचलते. डबा फिरवून किंवा दूर नेऊन ती जाते. लाकडी फळ्यांच्या तात्पुरत्या स्टेजवर ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला पेटी हादरते आणि आतून गडगडाट येतो. खाली जाड फोमचा तुकडा ठेवावा. अमेरिकेतून आणलेली जुनी पेटी किंवा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो वस्तूवर लिहिलेल्या वॉटपेक्षा बराच जास्त क्षमतेचा घ्यावा.

तारांचंही तसंच. त्या काळातल्या संचात तारा जाड असत, ०.०१२ पासून ०.०५२ इंचांपर्यंत, आणि तिसरी तारही गुंडाळलेली. आज बहुतेक गिटारी ०.०१० किंवा ०.००९ च्या तारा लावून विकल्या जातात. त्यावर या धून वाजवल्या की स्वर बारीक निघतो, आणि जोरात छेडलं की सुरुवातीला तो चढा होऊन मग खाली बसतो, म्हणून बेसूर वाटतो. जॅझमास्टरवर आणखी एक अडचण असते. तिच्या घोडीवरून तारा फार उथळ कोनात जातात, त्यामुळे बारीक तार जोराच्या आघाताने खाचेतून उडी मारते. लोक गिटारीला नावं ठेवतात. जाड तारांचा संच लावला की बहुतेक वेळा तक्रार संपते. ट्रेमोलो दांडा वापरल्यावर सूर परत जागेवर येत नसेल तर दोष बहुधा नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या, खाचेत असतो. तार तिथे अडकते. खाच तारेच्या जाडीइतकी मोकळी करून तिच्यात पेन्सिलीचं शिसं घासलं की काम होतं. मुंबई-कोकणच्या हवेत वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर पंधरा दिवसांत खरबरीत होतात आणि पुढे सांगतो तो तुकडा वाजवता येत नाही.

तो तुकडा म्हणजे व्हेंचर्सची सही. सर्वांत जाड तारेवर मानेवरच्या वरच्या पट्टीपासून (फ्रेटपासून) खाली घसरत यायचं, आणि उजव्या हाताने तळवा दाबून अखंड खाली-वर छेडत राहायचं. जपानी पोरांनी त्याच्या आवाजावरून त्याला ‘तेके-तेके’ नाव दिलं आणि पुढे या सगळ्या संगीतालाच ते नाव पडलं. ऐकायला सोपं, करायला अवघड. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत एका मात्रेला चार आघात म्हणजे सेकंदाला दहाहून जास्त. मनगट कडक असेल तर हा वेग टिकत नाही, चार-पाच सेकंदांत हात गोठतो. म्हणून ९० च्या लयीवर सुरुवात करावी. प्लेक्ट्रमचं टोक बोटांबाहेर अगदी थोडं, दोन-तीन मिलिमीटर, आणि किंचित तिरकं धरलेलं. तळव्याची कड बरोबर घोडीवर, अर्धी तारेवर, अर्धी मागे. कड फार पुढे गेली तर नुसता ठक्‌ठक्‌ आवाज येतो, स्वर कळत नाही. फार मागे राहिली तर तार घुमत राहते आणि रिव्हर्ब तिला चौपट करतो. डाव्या हाताचं बोट पट्टी ओलांडताना दाब थोडा सोडतं पण तार सोडत नाही. दाब पूर्ण ठेवला तर प्रत्येक पट्टीवर खरखर होते, पूर्ण सोडला तर घसरणच तुटते. आणि शेवटचा स्वर मात्रेवरच पडला पाहिजे. घसरण किती वेळाची हे आधी मोजून ठेवावं, मग कुठल्या पट्टीपासून निघायचं ते ठरवावं. बहुतेकांचं इथे चुकतं: निघण्याची जागा ठरलेली असते आणि पोचण्याची वेळ नशिबावर.

विल्सनचं काम याच्या अगदी उलट. त्याचा रिव्हर्ब कमी, आवाज घोडीजवळच्या पिकअपचा (तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाचा), टणक. कॉर्डचा आकार सहाही तारांचा धरला तरी वाजतात तीन-चार. मुख्य गोष्ट डाव्या हातात आहे: आघात झाल्या क्षणी बोटांची पकड सैल करायची, तारा पट्टीवरून किंचित उचलायच्या, पण त्यांना स्पर्श ठेवायचा. म्हणजे कॉर्ड वाजून लगेच मिटते. उजवा हात मात्र थांबत नाही, मिटलेल्या तारांवरही वर-खाली चालत राहतो, आणि तो सुका ‘चक्‌’ आवाज स्नेअर ड्रमच्या शेजारी जाऊन बसतो. ड्रमचा ठरलेला सर्फ ठेका असा: एकला बास ड्रम, दोनला स्नेअरवर दोन ठोके, तीनला बास ड्रम, चारला स्नेअर. एक, दोन-आणि, तीन, चार. ऱ्हिदम गिटारने त्या ‘आणि’वर कॉर्ड लांबवली तर ठेक्यातला तो दुहेरी ठोका बुजतो आणि सगळा बँड जड वाटतो. हौशी बँडांची धून ओळखू येते पण अंगात येत नाही, त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. लीडवाल्याला उगाच बोल लागतात.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही गिटारींचा आवाज सारखा ठेवणं. चौघांत गायक नाही, म्हणजे गायकाची मधली जागा लीड गिटारची. ती जागा ऱ्हिदमने सोडली पाहिजे. व्हेंचर्सच्या मांडणीत लीड बहुधा मधल्या आणि खालच्या तारांवर धून घेते, गाणारा माणूस घेईल तिथेच. अलंकार कमी. पहिल्यांदा धून जशी आहे तशी, दुसऱ्या फेरीत दांड्याची किंचित थरथर, तिसऱ्या फेरीत एखादी जागा. नोकी एडवर्ड्सला याहून कितीतरी जास्त येत होतं, अमेरिकन ग्रामीण, म्हणजे कंट्री ढंगाची बोटं त्याच्याकडे होती आणि संधी मिळाली की ती दिसतही. तरी धून चालू असताना तो धूनच वाजवायचा. हा संयम मला फार मोठा वाटतो.

एडवर्ड्स आधी बासवर होता. १९६३ च्या सुमाराला बोगलने लीड त्याच्याकडे दिली आणि स्वतः बास घेतली. ज्याच्या लीडवर बँड देशभर पोचला त्याने ती जागा दुसऱ्याला द्यावी, कारण तो दुसरा जास्त चांगला वाजवतो म्हणून, आणि मग पुढची चाळीसेक वर्षं आनंदाने बास वाजवावी, असं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. ड्रमवर याच काळात मेल टेलर आला, लॉस एंजेलिसच्या क्लबांमधला कसलेला माणूस. त्याच वर्षी बेकर्सफील्डच्या सेमी मोझलीने मॉसराइट गिटारीचं व्हेंचर्स मॉडेल काढलं. अरुंद, बारीक मान, बुटक्या पट्ट्या, नटच्या पुढे शून्य क्रमांकाची पट्टी आणि जोरकस पिकअप. तेके-तेकेसाठी बुटक्या पट्ट्या सोयीच्या, बोट घसरताना अडत नाही. मोठ्या हाताच्या माणसाला मात्र ती मान दाटीची वाटते. काही वर्षांत हा करार संपला, पण जपानमध्ये आजही मॉसराइट म्हणजे व्हेंचर्स हे समीकरण पक्कं आहे.

जपानचा पहिला दौरा १९६२ मध्ये झाला तो फक्त विल्सन आणि बोगल यांचा. चौघांना नेण्याइतके पैसे आयोजकांकडे नव्हते. जानेवारी १९६५ मध्ये पूर्ण बँड गेला आणि तिथल्या तरुणांनी इतक्या मोठ्या, इतक्या स्वच्छ आवाजातली विजेची गिटार पहिल्यांदा समोर ऐकली. ‘कॅरव्हॅन’ वाजवताना मेल टेलर ड्रम सोडून बोगलच्या बास गिटारीच्या तारांवर काठ्यांनी वाजवायचा, बोगल डाव्या हाताने स्वर बदलत राहायचा. त्या वर्षी जपानमध्ये ‘एलेकी’ची, म्हणजे विजेच्या गिटारीची, साथच आली. टीव्हीवर गिटार बँडांच्या स्पर्धा सुरू झाल्या, युझो कायामासारखा चित्रपट-नट गिटार घेऊन पडद्यावर आला, आणि काही ठिकाणच्या शाळांनी मुलांना एलेकीची बंदी केली.

या देशाने शब्दाविना वाजणाऱ्या तारांना इतकं जवळ का केलं? भाषेची अडचण नव्हती हे एक कारण झालंच. दुसरं असं, की तार छेडून धून वाजवण्याची घरगुती सवय तिथे आधीच होती. १९१२ मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो याने ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं: टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. तेच वाद्य भारतात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि आपल्याकडे त्याला पिकअप बसवून, अ‍ॅम्प्लिफायर जोडून त्याचा बेंजो झाला. मुंबई-कोकणात गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी शब्दांशिवाय गाणं वाजवते आणि गर्दी त्यावर नाचते, कारण शब्द प्रत्येकाच्या डोक्यात असतात. टकोमाचा बँड आणि लालबागची बेंजो पार्टी यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण एका धूनवर अखंड छेडणारा हात, खाली भक्कम ठेका आणि गाणाऱ्याची जागा घेणारी तार, ही मांडणी दोन्हीकडे तीच आहे. सर्फचा गिटारबाज आपल्याकडे पडद्यावरही आला. १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये टेड लायन्स आणि त्याचा बँड शंकर-जयकिशनच्या गाण्यावर दिसतो, त्यातली गिटार ऐकावी.

व्हेंचर्सनी जपानसाठी नुसते दौरे केले नाहीत. त्यांनी धून रचल्या, त्यांना जपानी गीतकारांनी शब्द दिले आणि तिथल्या गायकांनी त्या गायल्या. १९६६ चं गिन्झाचं द्वंद्वगीत, १९७० मधली युको नागिसाची क्योटोची गाणी, १९७१ मध्ये ओयांग फेइफेइने गायलेलं ओसाकाच्या मिदोसुजी रस्त्यावरच्या पावसाचं गाणं. ही गाणी जपानी लोकप्रिय संगीताच्या मुख्य प्रवाहात गेली, आज अनेकांना ती अमेरिकन बँडने रचली हे सांगावं लागतं. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘हवाई फाइव्ह-ओ’ या मालिकेचं शीर्षकसंगीत वाजवून ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. त्यानंतर मायदेशात त्यांचा मोठा हिट झाला नाही. पण जपानचा दरवर्षीचा उन्हाळी दौरा ठरलेला, गावोगावच्या सभागृहांत, आणि त्यावर बँडचं घर चाललं.

टिकण्याचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. त्या दशकात ते वर्षाला चार-पाच अल्बम काढत, आणि प्रत्येकाला एक विषय असे: अवकाश, कंट्री, नाच, नाताळ. बाजारात जे गाणं चालतंय त्याची धून घ्यायची आणि आपल्या चार वाद्यांत बसवायची. काही समीक्षकांनी याला कारखाना म्हटलं. मला त्यात कसब दिसतं, कारण कुठल्याही गाण्यातून शब्द काढून घेतल्यावर उरलेलं उभं राहतं का, हे त्यांना ऐकताच कळत असणार. ‘व्हेंचर्स इन स्पेस’ या १९६४ च्या अल्बममधले चमत्कारिक आवाज वाद्यांमधूनच काढलेले आहेत. १९६५ मध्ये तर त्यांनी गिटार शिकवणारी एलपी काढली: लीड, ऱ्हिदम, बास यांचे भाग वेगवेगळे समजावून, मग एक भाग गाळून बाकीचे वाजवलेले, म्हणजे शिकणाऱ्याने रिकाम्या जागी आपलं वाद्य घालायचं. शिकवणीची रेकॉर्ड असूनही ती अल्बमच्या यादीत आली. आपली कला इतकी उघडी करून ठेवणारा त्या काळचा दुसरा बँड मला ठाऊक नाही. त्यामुळेच पुढे जागा रिकामी झाली तेव्हा ती भरणारी माणसंही मिळाली, त्या रेकॉर्डी वाजवतच वाढलेली.

एडवर्ड्स १९६८ मध्ये बँड सोडून गेला, त्याच्या जागी जेरी मॅगी आला. १९७२ मध्ये एडवर्ड्स परतला, पुढे पुन्हा मॅगी. मेल टेलर १९९६ च्या जपान दौऱ्यात आजारी पडला, फुप्फुसाचा कर्करोग निघाला, आणि ऑगस्टमध्ये तो गेला. त्याच्या जागी त्याचा मुलगा लिऑन बसला. २००८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं गेलं, फार उशिरा. बोगल २००९ मध्ये गेला, एडवर्ड्स २०१८ मध्ये. जेरी मॅगी ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानमध्ये कार्यक्रमात वाजवताना कोसळला आणि काही दिवसांत वारला. विल्सनने २०१५ मध्ये दौरे थांबवले होते, २२ जानेवारी २०२२ रोजी टकोमातच त्याचं निधन झालं. बॉब स्पॉल्डिंग अनेक वर्षांपासून बँडमध्ये होताच. विल्सनची गिटार पुढे नेणारा इयन हा स्पॉल्डिंगचाच मुलगा.

‘वॉक, डोन्ट रन’ बसवायला घेणाऱ्यांनी १९६० ची रेकॉर्ड आधी घ्यावी, १९६४ ची नंतर. हेडफोन लावून पहिले चार दिवस लीडकडे लक्षच देऊ नये. ऱ्हिदम गिटारची प्रत्येक कॉर्ड कुठे वाजते आणि कुठे मिटते ते मात्रा मोजत कागदावर उतरवावं, मेट्रोनोम १०० वर लावून तेवढंच वाजवावं, आणि ते झोपेतही चुकणार नाही असं झाल्यावर लीडवाल्याला बोलवावं.